रिक्तहस्त गुरुजी : गिचिन फुनाकोशी

कराटे हा शब्द आता भारतातील कोणत्याही शहरात परका राहिलेला नाही. शाळेच्या पटांगणावर, वसाहतीच्या गच्चीवर किंवा एखाद्या मंडळाच्या सभागृहात पांढऱ्या वेषातील मुले रांगेने उभी राहतात, समोर कोणीही नसताना हवेत ठोसे मारतात, वळतात, पुन्हा वळतात आणि जेथून निघाली तेथेच येऊन थांबतात. हालचालींच्या या ठराविक मालिकेला जपानी भाषेत ‘काता’ म्हणतात. कडेला बसलेल्या पालकांच्या मनात साहजिकच शंका येते की, समोर प्रतिस्पर्धी नाही, अंगाला अंग लागत नाही, मग ही लढाई कसली आणि प्रसंग ओढवला असता तिचा उपयोग तरी काय? ही शंका नवी नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी टोकियोतील महाविद्यालयीन तरुणांनी ती एका प्रौढ प्राथमिक शिक्षकापुढे मांडली होती आणि तिचे उत्तर देण्यातच त्या शिक्षकाचे उर्वरित आयुष्य खर्ची पडले. गिचिन फुनाकोशी हे त्यांचे नाव. कराटेचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो, तो काहीसा ढोबळ आहे. त्यांनी ही विद्या निर्माण केली नाही. ती आपल्या बेटावरून उचलून राजधानीत नेली. मात्र नेताना त्यांनी काय बरोबर घेतले आणि काय मागे ठेवले, हे पाहिल्यावाचून काताचे मर्म उलगडत नाही, असे आम्हांस वाटते.

फुनाकोशींचा जन्म १८६८ सालचा, ओकिनावा बेटावरील शुरी येथला. शुरी ही रयूक्यू राज्याची राजधानी. हे छोटे सागरी राज्य चीनला खंडणी देई आणि १६०९ पासून जपानमधील सात्सुमा सरदारांच्या वर्चस्वाखालीही होते. दोन थोरल्यांच्या मध्ये सापडलेल्या घराने जसे जपून वागावे, तसे ते वागत आले होते. १८७९ मध्ये जपान सरकारने ते राज्यच विसर्जित केले व ओकिनावा हा जपानचा एक प्रांत झाला. फुनाकोशी तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांचे घराणे खालच्या दर्जाच्या सरदारवर्गातले. वडिलांना मद्याचे व्यसन. दिवस पुरे भरण्याआधीच जन्मलेला हा मुलगा इतका अशक्त होता, की तो जगेल याची घरच्यांना खात्री नव्हती. आजोळी, आजी-आजोबांच्या छायेत तो वाढला.

त्या काळी ओकिनावात डोक्यावरील केसांच्या गाठीवरून मोठा वाद माजला होता. नव्या राजवटीने ती कापावी असे फर्मावले आणि जुन्या घराण्यांनी तो आपल्या अस्तित्वाचाच प्रश्न मानला. (शेंडीवरून झालेले वाद ज्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहेत, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.) फुनाकोशींनी वयाच्या अटीत बसावे म्हणून आपले जन्मवर्ष १८७० असे नोंदवून टोकियोच्या वैद्यकीय विद्यालयाची परीक्षा दिली व ते उत्तीर्णही झाले. परंतु गाठ राखणाऱ्याला विद्यालयात प्रवेश नव्हता आणि गाठ कापू देण्यास घर राजी नव्हते. वैद्य होण्याचा मार्ग असा खुंटला. पुढे १८८८ मध्ये ते प्राथमिक शाळेत साहाय्यक शिक्षक झाले, तेव्हा मात्र गाठ कापावीच लागली. गणवेष घालून आणि केस कापून मुलगा घरी आला, तेव्हा वडील संतापले आणि आई मागील दाराने निघून गेली, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी शाळेत शिकविले.

दिवसा शाळा आणि रात्री दुसरीच शाळा, असा त्यांचा क्रम होता. वर्गमित्राचे वडील अझातो आंको हे मोठ्या घराण्यातले योद्धे, तलवारीतही निष्णात. त्यांचे स्नेही इतोसू आंको हे दुसरे गुरू. दोघांचेही नाव एकच, हा योगायोग. ही विद्या तेव्हा उघडपणे शिकविली जात नसे. मिणमिणता कंदील घेऊन हा तरुण रात्री घराबाहेर पडे व पहाटे परते. शेजाऱ्यांनी त्यातून काढावयाचा तो अर्थ काढला आणि त्याच्या चालचलणुकीविषयी कुजबुज सुरू झाली. वास्तविक तो अझातोंच्या अंगणात एकच काता पुन्हापुन्हा करीत असे. गुरू ओसरीवर बसून पाहत. पुन्हा कर म्हणून सांगत आणि क्वचितच बरे झाल्याची खूण देत. एक काता पूर्ण आत्मसात झाल्याखेरीज दुसरा नाही. दिवस जात, महिने जात, शिष्याला अपमानाने रडू येई. पण क्रम बदलत नसे. इतोसूंकडे नाइहांची या नावाचे तीन काता शिकण्यातच त्यांची दहा वर्षे गेली.

दहा वर्षांत तीन! आजच्या शिकवणीवर्गात हे सांगितले तर पालक शुल्क परत मागतील. परंतु त्या पद्धतीमागे विचार होता. या विद्येचा छापील ग्रंथ नव्हता. डोळा, गळा, सांधे यांवर करावयाचे तिचे आघात जोडीदारावर पूर्ण जोराने करून पाहता येण्यासारखे नव्हते. तसे केले असते तर दर महिन्याला नवा जोडीदार शोधावा लागला असता. तेव्हा पूर्वसूरींनी आपले अनुभव हालचालींच्या साखळीत गोवून ठेवले. एकट्याने, रात्री, हातभर जागेत ती साखळी अखंड म्हणता येई. वेदपाठशाळेतील संथेसारखाच हा प्रकार. आधी स्वर, आधी क्रम, एक मात्राही इकडची तिकडे नाही. अर्थ गुरू देतील तेव्हा आणि तितकाच. काता हे लढाईचे चित्र नव्हे, ती लढाईची स्मरणवही आहे. वही वाचता न येणाऱ्याला तीत रेघोट्याच दिसणार.

वही वाचावयाची म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. नवशिक्याला आज जो पहिला काता शिकवितात, त्यात आरंभी डावीकडे वळून खालून येणारा वार हाताने अडवावयाचा व एक पाऊल पुढे टाकून ठोसा मारावयाचा असतो. मग पाठीमागे वळून पुन्हा तसेच अडवावयाचे. येथे अकस्मात एक निराळी हालचाल येते : पुढे टाकलेले पाऊल मागे ओढून घ्यावयाचे, हात गोल फिरवून वर न्यावयाचा आणि मुठीची कड हातोड्यासारखी खाली हाणावयाची. नुसते पाहिले तर हा नृत्यातील तोडा वाटावा. पण समोरच्याने आपले मनगट घट्ट पकडले आहे अशी कल्पना करा. पाऊल मागे जाताच शरीराचे सारे वजन त्या हातामागे येते, गोल फिरण्याने त्याची पकड अंगठ्याच्या बाजूने सुटते आणि सुटलेला हातच वरून प्रहार करतो. तसाच दुसऱ्या हाताचा विषय. ठोसा मारताना रिकामा हात कमरेशी का ओढून घ्यावयाचा, हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. डौलासाठी असावे, असे ती समजतात. फुनाकोशींनी आपल्या ग्रंथात स्पष्ट केले आहे की तो हात रिकामा नसतोच. त्याने प्रतिस्पर्ध्याचा हात धरलेला असतो. तो पिळून ओढला की प्रतिस्पर्ध्याचा तोल जातो आणि तो आपण होऊन ठोशावर येतो. त्यांच्या १९३५ च्या ग्रंथात प्रतिस्पर्ध्याला उचलून टाकण्याचे डावही आहेत. कराटे म्हणजे केवळ लाथाबुक्क्या, ही समजूत नंतरची आहे.

अर्थ सांगणारा गुरू नसला तर मात्र वही मुकी होते, आणि ती मुकी होण्यास प्रारंभ दस्तुरखुद्द इतोसूंच्याच काळात झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ही विद्या ओकिनावातील शाळांत आणली. त्यासाठी लांब व अवघड काता बाजूला ठेवून मुलांकरिता पाच सोपे काता रचले. वर्गातील पन्नास मुलांना डोळे कसे फोडावे हे शिकविता येत नाही, हे उघड आहे. उघड्या पंजाच्या जागी मिटलेली मूठ आली आणि घातक अर्थांविषयी मौन पाळले गेले, असे अनेक अभ्यासक मानतात. विद्या जगली ती या सौम्यपणामुळेच. फुनाकोशी स्वतः शिक्षक असल्याने त्यांना हे अधिक पटले असावे.

१९२१ च्या मार्चमध्ये जपानचे युवराज हिरोहितो युरोपला जाताना ओकिनावात उतरले. शुरीच्या राजवाड्यात त्यांच्यापुढे झालेल्या प्रात्यक्षिकाचे नेतृत्व फुनाकोशींकडे होते. पुढील वर्षी शिक्षण खात्याने टोकियोत राष्ट्रीय शारीरिक शिक्षण प्रदर्शन भरविले, त्यासाठी ओकिनावातून त्यांचीच निवड झाली. बरोबर त्यांनी काताच्या निरनिराळ्या अवस्थांची छायाचित्रे गुंडाळीच्या पटांवर लावून नेली होती. वय त्रेपन्न. काम आटोपून परत निघावयाचे, एवढाच बेत. तोच ज्युदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या संस्थेत बोलाविले. टोकियोत शिकणारा ओकिनावाचाच एक विद्यार्थी, शिंकिन गिमा, याला सोबत घेऊन फुनाकोशींनी तेथे कुशांकू हा काता करून दाखविला. सर्व काता शिकण्यास किती काळ लागेल, असे कानोंनी विचारता त्यांनी वर्षाहून अधिक, असे उत्तर दिले. इतका वेळ त्यांना अडकवून ठेवणे कानोंना प्रशस्त वाटले नाही. निदान काही तरी शिकवून जावे, असे त्यांनी सुचविले. पुढे चित्रकार होआन कोसुगी यांनी आग्रह धरला. प्रस्थान एकदा लांबले, पुन्हा लांबले आणि अखेर कायमचे राहिले.

आपणांपैकी अनेकांच्या घराण्यात हीच कथा आहे. दोन वर्षांसाठी म्हणून आलेली बदली आणि चाळीस वर्षांनी तेथेच झालेली निवृत्ती! फुनाकोशींची स्थिती मात्र बदलीवरील नोकरदाराहून कितीतरी कठीण होती. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मेइसेइ जुकू या वसतिगृहात त्यांना प्रवेशद्वाराजवळची एक लहानशी खोली मिळाली. दिवसा ते तेथील राखणदार होते. आवार झाडीत, बाग निगुतीने राखीत आणि सभागृह मोकळे असेल तेव्हा तेथेच काता शिकवीत. शिष्य मोजके, प्राप्ती नगण्य. वसतिगृहाच्या आचाऱ्याला त्यांनी कराटे शिकविले आणि त्या बदल्यात महिन्याच्या जेवणाच्या पैशांत सूट मिळविली. एकदा जुनी टोपी आणि ओकिनावाचा हातमागाचा अंगरखा गहाण ठेवण्याची पाळी आली. पेढीवरील कारकुनाने अपेक्षेहून पुष्कळच अधिक रक्कम हातावर ठेवली; त्याचा धाकटा भाऊ आपलाच शिष्य असल्याचे त्यांना मागाहून कळले. त्यांनी पत्नीला टोकियोस येण्याविषयी लिहिले होते. पूर्वजांचे देवघर आणि थडगी सोडून आपण येणार नाही, असे तिने कळविले. कुळाचाराचा भार त्या माउलीने एकटीने वाहिला आणि पतिपत्नींची ताटातूट वीस वर्षांहून अधिक काळ टिकली. चरित्रलेखक हा प्रसंग दोन ओळींत उरकतात. आम्हांला तो त्यांच्या साऱ्या पट्ट्यांपेक्षा व पदव्यांपेक्षा मोठा वाटतो.

१९२२ मध्येच त्यांचा पहिला ग्रंथ निघाला. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात त्याचे छापखान्यातील ठसे नष्ट झाले. वसतिगृहाचीही हानी झाली. काही काळ एका बँकेत स्टेन्सिल कापण्याचे काम करून त्यांनी दिवस काढले. कराटेच्या वर्गाला जागा नव्हती, तेव्हा तलवारबाजीचे नामवंत शिक्षक हाकुदो नाकायामा यांनी आपली शाळा रिकाम्या वेळी वापरू दिली. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात पहिले कराटे मंडळ स्थापन झाले आणि मग एकेका विद्यापीठातून बोलावणी येऊ लागली.

पण विद्यापीठातील तरुण म्हणजे अझातोंच्या अंगणातील शिष्य नव्हेत. त्यांना तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडावयाचे होते. ज्युदोत कुस्ती होते, तलवारबाजीत चिलखत घालून सामने होतात, मग आम्ही हवेतच किती दिवस हात मारावयाचे, हा त्यांचा सवाल. टोकियो इंपीरियल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तर संरक्षक साधने चढवून परस्परांत मोकळ्या झुंजी सुरू केल्या. फुनाकोशींना हे मान्य नव्हते. त्यांनी १९२९ मध्ये त्या मंडळाशी असलेला संबंध तोडला. दुसऱ्या बाजूने त्यांचेच देशबांधव चोकी मोतोबू टीका करीत होते. हे गृहस्थ प्रत्यक्ष मारामारीत मुरलेले. त्यांच्या मते फुनाकोशींना काताचा डौल ठाऊक होता, मर्म नव्हे. मोतोबूंनी एका मुष्टियोद्ध्याला लोळविल्याची हकीकत १९२५ मध्ये ‘किंगू’ या लोकप्रिय मासिकात आली, तेव्हा चित्रकाराने मोतोबूंच्या जागी फुनाकोशींचाच चेहरा काढला. दोघांतील स्नेह याने वाढला नसावा, हे सांगणे नलगे!

मोतोबूंच्या आक्षेपात तथ्य नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. मोतोबूंनी १९२६ च्या आपल्या पुस्तकात समोरासमोरच्या झुंजीचे प्रयोग छायाचित्रांसह दिले आणि एका नाइहांची काताचा अर्थ अखेरपर्यंत खणून काढला. फुनाकोशींनी आपल्या अभ्यासक्रमात पंधरा काता ठेवले. प्रत्येकाचा अर्थ तितक्या खोलात शिकविण्यास ना त्यांना सवड होती, ना विद्यार्थ्यांना धीर. परंतु त्यांची भूमिकाही समजून घेतली पाहिजे. काता अचूक करावा आणि प्रत्यक्ष लढाई ही गोष्ट वेगळी आहे हे विसरू नये, असा त्यांच्या वीस नियमांतील एकाचा आशय आहे. काता पाठ आहे म्हणजे लढता येते, असा त्यांचा दावा कधीच नव्हता. तसेच लढाईला निराळे रूप असते म्हणून काता वाटेल तसा बदलावा, हेही त्यांना मान्य नव्हते. नियम बांधून खेळलेल्या झुंजीत डोळा, गळा, गुडघा वगळावेच लागतात. जे वगळले ते दोन पिढ्यांत विसरले जाते. काताने ते जपून ठेवले होते. त्यांचे काता बचावाच्या हाताने सुरू होतात, यातही ते एक तत्त्व पाहत : पहिला वार आपला नसावा.

या तत्त्वाची कसोटी त्यांच्या आयुष्यात एकाहून अधिक वेळा लागली. तरुणपणी ओकिनावात, देवघरातील नैवेद्यासाठी मिठाई घेऊन जात असता दोघा लुटारूंनी त्यांना अडविले. त्यांनी मुकाट्याने मिठाई देऊन टाकली. गुरूंना हे कळले तेव्हा त्यांनी शिष्याची तारीफ केली. अझातोंनी मात्र हसत विचारले, की आता पूर्वजांना काय वाहणार? उलट, युद्धानंतरच्या टोकियोत, ऐंशीच्या घरात असताना, रात्री एका इसमाने छत्री उगारून त्यांचे गाठोडे हिसकावण्याचा प्रयत्न केला. फुनाकोशी वाराखालून निसटले आणि त्यांनी त्याचे मर्मस्थान असे पकडले, की शिपाई येईपर्यंत त्याला हलता आले नाही. अंगात मुरलेला काता विचार करीत बसत नाही, याचा याहून रोकडा पुरावा कोणता? पण घरी आल्यावर त्यांना अभिमान वाटला नाही. तो माणूस बहुधा रणांगणावरून परतलेला, बेकार सैनिक असावा, हे जाणवून आपण अनुचित वागलो, याची त्यांना लाज वाटली.

नावांचा प्रश्न अजून राहिला. ‘कराटे’ शब्दातील ‘करा’ हा पूर्वी चीनवाचक अक्षराने लिहीत. फुनाकोशींनी त्या जागी त्याच उच्चाराचे, पण ‘रिक्त’ या अर्थाचे अक्षर रूढ केले. ते पहिलेच नव्हेत. ओकिनावाचे चोमो हानाशिरो यांनी १९०५ मध्ये तसे लिहिले होते. निःशस्त्र हात हा त्याचा सरळ अर्थ. पण फुनाकोशींनी त्यात प्रज्ञापारमिताहृदयातील शून्यतेचा विचारही जोडला, आणि असा आपल्या भूमीतून निघालेला संस्कृत शब्द चीनमार्गे फिरत या विद्येच्या नावात जाऊन बसला. ओकिनावात या बदलाविरुद्ध ओरड झाली. तरी १९३६ मध्ये नाहा येथे भरलेल्या गुरुजनांच्या बैठकीने तो स्वीकारला. काताचीही नावे बदलली. पिनानचे हेइआन झाले, नाइहांचीचे तेक्की म्हणजे लोखंडी घोडा, वान्शूचे एंपी म्हणजे उडती पाकोळी. टोकियोकरांच्या जिभेला जुनी नावे वळत नव्हती आणि चीनशी वैर वाढत असलेल्या त्या दशकात चिनी वळणाचे काही चालणारही नव्हते. राजधानीत टिकावयाचे तर एवढे करणे भाग होते, हे आम्ही मान्य करतो. परंतु किंमतही पडलीच. कुशांकू हे अठराव्या शतकात ओकिनावात आलेल्या एका चिनी गृहस्थाचे नाव होते. त्याचे ‘कांकू’ म्हणजे आकाशदर्शन झाले, शब्द सुंदर झाला आणि माणूस पुसला गेला.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस शिष्यांनी वर्गणी जमवून टोकियोत स्वतंत्र वास्तू उभारली. फुनाकोशी कविता करीत व ‘शोतो’ म्हणजे पाइनच्या रानातील वाऱ्याची लहर, हे नाव घेऊन लिहीत. त्यावरून वास्तूला शोतोकान नाव पडले. १९४५ मध्ये ती बाँबहल्ल्यात जळाली. त्याच वर्षी, जो वारसा चालवील अशी आशा होती तो पुत्र गिगो क्षयाने गेला. ओकिनावा युद्धात उद्ध्वस्त झाले होते. पत्नी निर्वासित होऊन क्यूशू बेटावरील ओइता येथे पोहोचली. फुनाकोशी तिच्यापाशी गेले. इतक्या वर्षांनी एकत्र थाटलेला तो संसार १९४७ मध्ये तिच्या मृत्यूने संपला आणि ते पुन्हा टोकियोस परतले. १९४९ मध्ये शिष्यांनी जपान कराटे संघ स्थापन केला. १९५६ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. २६ एप्रिल १९५७ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी संघाने पहिल्या अखिल जपान स्पर्धा भरविल्या. त्यांत झुंजी होत्या, आणि काताही होता. पण आता तो गुणांसाठी होता.

पुढे जागतिक स्पर्धांत सांघिक काताच्या पदकफेरीत काता करून झाल्यावर त्याचा अर्थ जोडीदारांवर करून दाखविण्याचा नियम झाला. त्यात उड्या व पाडापाडी इतकी असते, की अझातोंनी ओसरीवरून काय खूण केली असती याचा तर्क करणे कठीण आहे. २०२० चे टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, तेव्हा कराटेचा त्यात प्रथमच समावेश होता. निप्पोन बुदोकानमध्ये पुरुषांच्या काताचे सुवर्णपदक रयो कियुना याने जिंकले. तो ओकिनावाचा आणि त्या बेटाचा पहिला ऑलिंपिक सुवर्णविजेता. दिवंगत आईचे छायाचित्र हाती घेऊन तो पदकाच्या चौथऱ्यावर उभा राहिला. अंतिम फेरीत त्याने केलेला ओहान दाई हा काता ओकिनावातील एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या परंपरेतला होता. फुनाकोशींच्या पंधरांत तो नव्हता आणि त्याचे जुने नाव कोणी बदललेले नव्हते.